अंड्याची अंगठी

(दृश्य : दागिन्याची मखमली डबी उघडते. आत एक अंडं.)

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेत अशी चित्रं फोनाफोनांतून फिरत होती. अंगठीच्या डबीत हिऱ्याच्या जागी अंडं. मार्चमध्ये डझनभर मोठ्या अंड्यांचा सरासरी भाव ६ डॉलर २३ सेंटवर पोहोचला, तोवरचा तिथला उच्चांक. आपल्या हिशेबात सुमारे ५४० रुपये डझन. एक अंडं पंचेचाळीस रुपयांना!

अंडं हा तिथल्या कष्टकरी माणसाचा हक्काचा, स्वस्त नाश्ता. म्हणून ही थट्टा घराघरात पटली. 'वॉफल हाऊस' या नाश्त्यासाठी प्रसिद्ध असलेल्या उपाहारगृहांनी फेब्रुवारीत दर अंड्यामागे ५० सेंट जादा घ्यायला सुरुवात केली. कितीतरी दुकानांनी एका गिऱ्हाइकाला किती अंडी द्यायची ते ठरवून टाकलं. पेनसिल्व्हेनियातल्या ग्रीनकॅसलमध्ये तर ट्रेलरमधून सुमारे एक लाख अंडी चोरीला गेली, किंमत चाळीस हजार डॉलर. मग ईस्टर आला. अंडी रंगवायचा सण, आणि काही घरांत मुलांनी बटाटे रंगवले. मला या सगळ्या थट्टेत तो बटाटा सगळ्यात जास्त आवडतो. अंडी परवडेनात, तरी घरच्यांनी मुलांचा सण चुकू दिला नाही.

(दृश्य : रिकामी शेड. लांबच लांब पिंजरे.)

पण ही अंडी गेली कुठे?

फेब्रुवारी २०२२ पासून तिथल्या पोल्ट्रींमध्ये बर्ड फ्लू शिरला होता. रानबदकांसारखे स्थलांतरित पाणपक्षी हा विषाणू सोबत घेऊन फिरतात. फार्मवर एका पक्ष्याला लागण निघाली की तिथले सगळे पक्षी मारावे लागतात, आणि अमेरिकेत मोठ्या फार्मवर दहा-दहा लाखांहून जास्त कोंबड्या असतात. नंतर सफाई, निर्जंतुकीकरण, मग नवी पिल्लं. ती अंड्यावर यायला अठरा ते वीस आठवडे. आणि चांगली कोंबडीसुद्धा दिवसाला एकापेक्षा जास्त अंडं देत नाही. तिला घाई करता येत नाही.

(दृश्य : नवापूरचा रस्ता, दुतर्फा पोल्ट्री शेड.)

हे नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कुणी समजावून सांगायची गरज नाही. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो इथे, फेब्रुवारी २००६ मध्ये. लाखो पक्षी मारून खड्ड्यांत पुरले. पण इथे भाव उलटा फिरला. अमेरिकेत अंडी कमी पडली म्हणून महागली. आपल्याकडे लोक धास्तावले, अंडी-चिकन खायचं सोडलं आणि भाव कोसळले. नीट शिजवलेल्या अंड्यातून धोका नसतो, हे डॉक्टर सांगत होते, तरीही. ज्यांच्या शेडमध्ये रोग फिरकलासुद्धा नव्हता, त्या पोल्ट्रीवाल्यांचंही कंबरडं मोडलं. अंडं महागतं तेव्हा निदान सगळ्यांना दिसतं, त्यावर हसता येतं. ते कवडीमोल होतं तेव्हा फक्त पोल्ट्रीवाल्याच्या घरात कळतं. ही दुसरी बाजू दाखवायची म्हणूनच आम्ही कॅमेरा घेऊन इथवर आलो.

२०२१ मध्ये हा रोग नवापूरला पुन्हा आला. पुन्हा किलिंग, पुन्हा चुना, पुन्हा बंद शेड.

(दृश्य : पिवळ्या बल्बखाली एक दिवसाची पिल्लं.)

शेड पुन्हा भरायची तर सुरुवात इथून होते. पहिले काही दिवस पिल्लांना रात्रभर ऊब द्यावी लागते. वीज गेली की माणूस झोपेतून उठून धावतो. पहिलं अंडं अजून साडेचार महिने लांब आहे.