उरलेला पाय

अध्यक्षांनी माझी ओळख 'पाय देणारे डॉक्टर' अशी करून दिली. मी पाय काढतो हो! देतात ते कृत्रिम अवयववाले. दुवा त्यांना, शिव्या मला. (हशा)

विषय आहे 'मधुमेहात पाय काढल्यानंतर'. येतो त्यावर. आधी अण्णांची गोष्ट. नाव बदललंय.

अण्णांचा उजवा पाय मी गुडघ्याखाली काढला. चार महिन्यांनी ते जयपूर फूट लावून ओपीडीत चालत आले. या पायाचं मला फार कौतुक. रामचंद्र शर्मा कारागीर, डॉ. सेठी हाडांचे सर्जन. 1968 च्या सुमारास दोघांनी रबराचा असा पाय केला, की माणूस उकिडवा बसेल, अनवाणी चालेल. विलायती पायाला बूट हवाच. आपल्याकडे बूट घालून देवळात कोण सोडतंय? असो. अण्णांबरोबर वहिनी, दोन मुलं, जावई आणि पेढे. मधुमेहाने पाय गेला, नवा आला, म्हणून पेढे! (हशा) मीही खाल्ला, खोटं कशाला बोलू.

नव्या पायाचे फोटो काढणं चाललं होतं. मी म्हटलं, "अण्णा, डावा बूट काढा." वहिनी म्हणाल्या, "अहो डॉक्टर, बसवलाय तो उजवा." मोजा निघेना, चिकटलेला. करंगळीशी फोड फुटून जखम झालेली. नातवाच्या मुंजीला घेतलेला बूट आठ दिवस चावत होता आणि अण्णांना पत्ता नाही, नसाच बधिर. मला राग आला तो माझाच. केसपेपर चाळला. टाके, ड्रेसिंग, स्टम्पची म्हणजे कापून उरलेल्या टोकाची सूज, सगळं माझ्या अक्षरात. डाव्या पायाबद्दल एक ओळ नाही. दोन महिने अण्णांनी खाट धरली, तेव्हा तो पाय वाचला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. बरं, मूळ विषय पळत पळत.

घोट्याच्या वर पाय काढावा लागलेल्या मधुमेह्यांपैकी पाच वर्षांत निम्मे किंवा त्याहून जास्त दगावतात, असं बऱ्याच पाहण्यांत दिसतं. ऑपरेशनची जखम भरलेली असते. माणूस जातो बहुतेकदा हृदयविकाराने. पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या तिथे हृदयाच्या स्वच्छ कशा असतील? म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाब, किडनी आणि तंबाखू बंद, हे सगळं पाय काढल्यावर जास्त लागतं.

दुसरं, गुडघा. तो राहिला तर कृत्रिम पायाने चालायला साधारण 25 ते 40 टक्के जास्त शक्ती लागते. गेला तर 60 टक्क्यांच्याही वर. दुबळ्या हृदयाचा म्हातारा मग खुर्चीतच बसतो. रक्तपुरवठा परवानगी देत असेल, तर गुडघ्यासाठी सर्जनशी भांडा. माझ्याशीही.

तिसरं, उरलेला पाय. आता सगळा भार त्याच्यावर. एमसीआर चप्पल, म्हणजे मऊ सूक्ष्म छिद्रांच्या रबराची, घरातसुद्धा. रोज रात्री आरशात तळवा बघायचा.

पुन्हा चिठ्ठी! बधिरपणा तपासायचा 10 ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा आणलाय, प्रात्यक्षिक राहिलं. मी खाली स्टेजपाशी थांबतो. मोजे काढून या.