30 जूनचा हिशेब

(दृश्य : नाशिक, कॅनडा कॉर्नर. संध्याकाळ. सनदी लेखापालाच्या कार्यालयातील टेबल, फायलींचे गठ्ठे, भिंतीवर मार्च महिन्याचे कॅलेंडर.)

निवेदन :

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कॅनडा कॉर्नर परिसरातील लेखापालांच्या कार्यालयांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपते आणि 1 एप्रिलला झालेला व्यवहार कितीही फायद्याचा असला, तरी तो गेल्या वर्षाच्या ताळेबंदात बसवता येत नाही. इंग्लंडमधील बहुतेक मोठ्या फुटबॉल क्लबांचे वर्ष 30 जूनला संपते. एवढा एक फरक सोडला, तर तिथल्या क्लबांच्या हिशेबनीसांची आणि इथल्या हिशेबनीसांची धावपळ सारखीच असते.

या कार्यालयात आर्टिकलशिप, म्हणजे सनदी लेखापाल होण्यासाठीची उमेदवारी, करणारी मुले शनिवारी रात्री प्रीमियर लीगचे, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल श्रेणीचे, सामने पाहतात आणि सोमवारी सरांशी त्यावर वाद घालतात. अशाच एका वादाचा विषय नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा क्लब होता. आर्थिक नियम मोडल्याबद्दल त्याचे लीगमधील गुण कापले गेले होते.

"सर, खेळाडू विकला हे तर खरं ना? पैसेही आले. मग गुण कशासाठी कापले?"

"पैसे आले, पण कधी आले ते बघ. तारीख मागे सरकवलेलं बिल तू माझ्यासमोर आणलंस, तर मी त्यावर सही करीन का?"

(दृश्य : नॉटिंगहॅम, ट्रेंट नदीकाठचे सिटी ग्राउंड.)

फॉरेस्टचे प्रकरण जवळून पाहण्याजोगे आहे. प्रीमियर लीगच्या नफा व शाश्वतता नियमांनुसार एखाद्या क्लबाला तीन हंगामांत मिळून जास्तीत जास्त 10.5 कोटी पौंडांचा तोटा दाखवता येत असे, म्हणजे दर हंगामाला 3.5 कोटी. त्या तीनपैकी जो हंगाम क्लबाने खालच्या श्रेणीत काढला असेल, त्या हंगामासाठी ही मर्यादा 1.3 कोटींवर येई. फॉरेस्ट 2022 मध्ये प्रीमियर लीगमध्ये वर चढला होता, त्यामुळे त्याच्या वाट्याला दोन हंगामांचे 1.3 कोटी आणि एका हंगामाचे 3.5 कोटी, अशी एकूण 6.1 कोटी पौंडांची मुभा आली. प्रत्यक्षातला तोटा ही मर्यादा 3.45 कोटींनी ओलांडून गेला.

ही तूट भरून काढण्याचा उपाय क्लबाच्या हाती होता. ब्रेनन जॉन्सन हा नॉटिंगहॅमचाच मुलगा वयाच्या आठव्या वर्षापासून फॉरेस्टच्या अकादमीत घडला होता आणि त्याला घ्यायला इतर क्लब तयार होते. 30 जून 2023 पूर्वी त्याला मिळेल त्या किमतीला विकले असते, तर हिशेब बराचसा सावरला असता. क्लबाने घाई केली नाही. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा उन्हाळी बाजार बंद होण्याच्या दिवशी, 1 सप्टेंबरला, तो 4.75 कोटी पौंडांना टॉटनहॅमकडे गेला. दोन महिने थांबल्यामुळे किंमत चांगली आली, आणि जास्त किंमत मिळवणे हा शहाणपणाच होता, असा युक्तिवाद फॉरेस्टने स्वतंत्र आयोगापुढे केला. व्यापाराच्या दृष्टीने तो चुकीचा नव्हता. आयोगाने मात्र नियमातील तारीख पाहिली. सहा गुणांची शिक्षा ठरवून, लवकर कबुली दिली आणि सहकार्य केले म्हणून त्यातील दोन गुण माफ करून, मार्च 2024 मध्ये चार गुण कापण्यात आले. अपिलातही ते चारच राहिले. हंगामाअखेर फॉरेस्ट 32 गुणांवर आणि त्याच्या लगेच खालचा क्लब ल्यूटन 26 गुणांवर होता, म्हणून क्लब खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचला.

आमच्या मते या सगळ्या नियमांचे मर्म इथेच आहे. क्लब किती श्रीमंत आहे किंवा त्याने किती पैसा उधळला, यापेक्षा तो पैसा कोणत्या तारखेच्या अलीकडे आणि कोणत्या तारखेच्या पलीकडे नोंदला गेला, यावर शिक्षेचे पारडे झुकते. ज्याला तारखा सांभाळता येतात, किंवा वकिलांच्या बळावर त्या लांबवता येतात, त्याचे बरेच निभावते.

(दृश्य : जुनी छायाचित्रे. पोर्ट्समथचे फ्रॅटन पार्क, बरीचे गिग लेन.)

हे नियम आणले गेले ते मात्र खऱ्या गरजेपोटी. पोर्ट्समथने 2008 मध्ये एफए कप ही इंग्लंडची मानाची स्पर्धा जिंकली आणि दोन वर्षांच्या आत, फेब्रुवारी 2010 मध्ये, तो कर्जबाजारी होऊन प्रशासकाच्या ताब्यात गेला. प्रीमियर लीगमधील क्लबावर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. 1885 साली स्थापन झालेला बरी हा क्लब ऑगस्ट 2019 मध्ये इंग्लिश लीगमधून बाहेर काढला गेला. युरोपातील अव्वल श्रेणीच्या क्लबांचा एकत्रित तोटा 2011 साली 1.7 अब्ज युरोंवर पोहोचला होता. मिशेल प्लॅटिनी अध्यक्ष असताना युएफा या युरोपीय फुटबॉलच्या नियामक संस्थेने जी आर्थिक नियमावली आणली, तिच्यामागचे सूत्र साधे होते : मिळवाल त्याच्या मर्यादेत खर्च करा.

सूत्र साधे असले, तरी मिळकत कशाला म्हणायचे आणि खर्च कोणत्या वर्षाचा मानायचा, यातच सारी ग्यानबाची मेख आहे.

(दृश्य : निफाड तालुका, द्राक्षबाग. लोखंडी अँगल आणि तारांचा मांडव.)

निफाडचा बागायतदार द्राक्षबागेसाठी मांडव उभारतो, तेव्हा अँगल आणि तारांचा सगळा खर्च तो एकाच हंगामाच्या माथी मारत नाही. मांडव जितकी वर्षे टिकेल, तितक्या वर्षांत तो वाटून धरतो. खेळाडूच्या खरेदीचेही तसेच आहे. त्याच्यासाठी मोजलेली रक्कम कराराच्या वर्षांत विभागली जाते. चेल्सीने 2023 च्या जानेवारीत बेन्फिकाकडून एन्झो फर्नांडेझला 10.68 कोटी पौंडांना घेतले आणि त्याच्याशी साडेआठ वर्षांचा करार केला. त्यामुळे वर्षाला साधारण सव्वा कोटी पौंडच खर्ची पडू लागले. हाच करार पाच वर्षांचा असता, तर वर्षाचा भार दोन कोटींच्या वर गेला असता. युएफाने त्याच उन्हाळ्यात आणि प्रीमियर लीगने त्या वर्षाच्या डिसेंबरात ही विभागणी जास्तीत जास्त पाच वर्षांची करून टाकली. आधीच झालेल्या करारांना मात्र ती लागू झाली नाही.

विक्रीची नोंद याच्या उलट असते. विकलेल्या खेळाडूचा नफा त्याच वर्षी संपूर्ण जमा होतो, आणि खेळाडू स्वतःच्या अकादमीतला असेल तर त्याची खरेदी किंमत शून्य असल्यामुळे आलेली सगळी रक्कम नफाच ठरते. परिणामी ज्या मुलाला गावच्या लोकांनी लहानपणापासून खेळताना पाहिले, तोच हिशेबनीसाच्या नजरेत सर्वांत आधी विकण्यालायक ठरतो. अकादमीवरचा खर्च तोट्यातून वगळण्याची सवलत याच नियमांत आहे, हे लक्षात घेतले तर हा विरोधाभास अधिकच खटकतो.

(दृश्य : कॅलेंडरवर 30 जून 2024, रविवार.)

2024 च्या जूनमध्ये याचे पीक आले. अॅस्टन व्हिलाने टिम इरोएगबुनाम एव्हर्टनला दिला आणि एव्हर्टनने लुईस डॉबिन व्हिलाला दिला. चेल्सीचा इयान मॅटसेन व्हिलाकडे गेला, व्हिलाचा ओमारी केलीमन चेल्सीकडे आला. दोन्ही बाजूंना विक्रीचा नफा ताबडतोब जमा आणि खरेदीचा खर्च पुढच्या वर्षांत विभागलेला, असा तो मामला होता. न्यूकॅसलचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. ऑक्टोबर 2021 पासून या क्लबात सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीचा मोठा हिस्सा आहे. मालकाकडे पैशाला तोटा नाही. तरीही मर्यादा सांभाळण्यासाठी क्लबाला यांकुबा मिंतेह ब्रायटनला, आणि अकादमीत वाढलेला घरचा मुलगा एलियट अँडरसन नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकावा लागला. ज्या फॉरेस्टला वर्षभरापूर्वीची तारीख चुकल्याची शिक्षा नुकतीच मार्चमध्ये झाली होती, त्याने या वेळी तारीख चुकवली नाही. त्याच सुमारास त्याचा गोलरक्षक व्लाखोदिमोस न्यूकॅसलकडे रवाना झाला.

चेल्सीने त्याही पुढे जाऊन आपल्या स्टॅमफर्ड ब्रिज या मैदानालगतची दोन हॉटेले आपल्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीला 7.65 कोटी पौंडांना विकली आणि नंतर महिला संघही सुमारे 20 कोटी पौंडांना मूळ कंपनीकडे वर्ग केला. उजव्या हाताने डाव्या हाताला विकण्याचा हा प्रकार प्रीमियर लीगच्या नियमांत बसला. युएफाने असा नफा मोजायला नकार दिला आणि जुलै 2025 मध्ये चेल्सीला 3.1 कोटी युरोंचा दंड ठोठावला. मोठ्या क्लबाच्या दृष्टीने ही रक्कम म्हणजे एका मध्यम दर्जाच्या खेळाडूची किंमत झाली. दंड आणि गुणवजावट यांत फरक आहे तो इथे : दंड मालकाच्या खिशातून जातो, गुण गुणतक्त्यातून जातात.

(दृश्य : लिव्हरपूल, गुडिसन पार्क. प्रेक्षकांच्या हातांतील निषेधाचे फलक.)

ती झळ एव्हर्टनला बसली. तीन हंगामांत मिळून 12.45 कोटी पौंडांचा तोटा, म्हणजे मर्यादेच्या 1.95 कोटी वर, एवढ्यासाठी 17 नोव्हेंबर 2023 रोजी त्याचे दहा गुण कापले गेले. नव्या स्टेडियमच्या बांधकामाचा भार, त्यावरील कर्जाचे व्याज, ही सगळी कारणे क्लबाने मांडून पाहिली. अपिलात शिक्षा सहा गुणांवर आली. पण एक हंगाम पुढे सरकलेल्या तीन हंगामांच्या खिडकीतही, म्हणजे पुढच्या हिशेबातही, मर्यादा ओलांडली गेल्याने एप्रिल 2024 मध्ये आणखी दोन गुण गेले. आता जे हंगाम पहिल्या खिडकीत मोजले गेले, त्यांतलेच दोन दुसऱ्या खिडकीतही होते. एकाच तोट्याचा असा दोनदा जाब विचारला जाण्यात काहीतरी चुकते आहे, असे एव्हर्टनच्या चाहत्यांना वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही.

लेस्टरची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. मे 2023 मध्ये तो प्रीमियर लीगमधून खाली गेला, आणि त्याचे हिशेबाचे वर्ष संपेपर्यंत, म्हणजे 30 जूनपर्यंत, तो त्या लीगचा सभासदच उरला नव्हता. म्हणून प्रीमियर लीगला या प्रकरणात अधिकार नाही, असा निवाडा अपील मंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये दिला.

(दृश्य : मँचेस्टर, एतिहाद स्टेडियम. त्यानंतर लोझानमधील क्रीडा लवाद न्यायालय.)

आता मँचेस्टर सिटी. या क्लबाचे आकाशी निळे जर्सी कॉलेज रोडवरही दिसतात, आणि त्याच्या मूळ समूहाने 2019 मध्ये मुंबई सिटी एफसीतही बहुसंख्य हिस्सा घेतला होता, त्यामुळे हे नाव इथे परके नाही. अबू धाबीच्या शेख मन्सूर यांच्या समूहाने तो 2008 मध्ये विकत घेतला. युएफाने 2014 मध्ये सिटी आणि पॅरिस सां-जर्मां या दोघांशी तडजोड केली : प्रत्येकी 6 कोटी युरोंचा दंड, त्यातले 4 कोटी स्थगित. 2018 मध्ये जर्मनीच्या डेर श्पीगेल या साप्ताहिकाने फुटलेल्या ई-मेलांवरून मालिका छापली. पुरस्कर्त्यांच्या नावावर दाखवलेला पैसा प्रत्यक्षात मालकाकडूनच येत होता, असा आरोप त्यातून पुढे आला. सिटीने तो आजवर सातत्याने नाकारला आहे.

फेब्रुवारी 2020 मध्ये युएफाने सिटीला युरोपीय स्पर्धांतून दोन हंगामांची बंदी आणि 3 कोटी युरोंचा दंड सुनावला. जुलैमध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने बंदी उठवली आणि दंड 1 कोटीवर आणला. बहुतेक आरोप एक तर सिद्ध झाले नव्हते किंवा युएफाच्याच नियमांतील पाच वर्षांच्या मुदतीबाहेर गेले होते, असे कारण न्यायालयाने दिले. उरलेला दंड चौकशीत सहकार्य न केल्याबद्दलचा होता. म्हणजे काही आरोपांबाबत खरे काय आणि खोटे काय, हा प्रश्न निर्णयाला आलाच नाही.

प्रीमियर लीगच्या नियमांत अशी मुदत आड आली नाही. 6 फेब्रुवारी 2023 रोजी तिने 2009-10 पासूनच्या नऊ हंगामांतील आणि त्यानंतरच्या असहकाराबाबतच्या शंभराहून अधिक कथित नियमभंगांची यादी आयोगाकडे सोपवली. सुनावणी सप्टेंबर 2024 मध्ये लंडनमध्ये सुरू झाली, डिसेंबरात संपली, आणि त्यानंतरचे संपूर्ण 2025 साल निकालाविना गेले. दरम्यान एव्हर्टन आणि फॉरेस्ट यांची प्रकरणे आरोप, सुनावणी, शिक्षा आणि अपील यांसह काही महिन्यांत उरकली होती. त्यांचे आकडे त्यांच्याच ताळेबंदात उघड होते आणि वाद फक्त शिक्षेच्या प्रमाणाचा होता, हे खरे. सिटीच्या प्रकरणात ताळेबंदच खरा की खोटा हे ठरवायचे आहे. तरीही शेजाऱ्याची शिक्षा भोगून झाली आणि मोठ्या घरची तारीख अजून लागतेच आहे, हे चित्र पाहणाऱ्याला न्याय्य वाटणार नाही.

(दृश्य : पुन्हा कॅनडा कॉर्नरचे कार्यालय. मुलांच्या मोबाइलवर आयपीएल लिलावाची जुनी चित्रफीत.)

आर्टिकलशिपच्या मुलांचा नेहमीचा प्रश्न असा की आयपीएलसारखी सर्वांना एकच थैली का देत नाहीत. 2025 च्या हंगामासाठीच्या मोठ्या लिलावात दहाही संघांना खेळाडूंसाठी 120 कोटी रुपयेच होते, मग मालक कोणी का असेना. मात्र आयपीएलमधून कोणी खालच्या श्रेणीत जात नाही आणि तिथले खेळाडू दुसऱ्या देशातल्या लीगशी स्पर्धा करून विकत घ्यावे लागत नाहीत. इंग्लंडमध्येही तळाच्या क्लबाच्या मिळकतीशी सर्वांचा खर्च बांधण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर 2025 मध्ये मतदानाला आला आणि फेटाळला गेला. खेळाडूंच्या संघटनेचा त्याला आधीपासून विरोध होता. त्याच बैठकीत 14 विरुद्ध 6 मतांनी दुसरी पद्धत मंजूर झाली. 2026-27 पासून खेळाडूंवरचा खर्च क्लबाच्या फुटबॉलमधून येणाऱ्या उत्पन्नाच्या 85 टक्क्यांपर्यंत ठेवायचा आहे. युरोपीय स्पर्धांसाठी युएफाची मर्यादा याहून कडक, 70 टक्के, आहे. ज्याचे उत्पन्न मोठे, त्याची मर्यादाही मोठी, हे दोन्हीकडे कायमच राहते.

तीन वर्षांच्या तोट्याची बेरीज यापुढे जाणार असली, तरी नवी पद्धत मागील हंगामांना लागू होत नाही. सिटीवरील आरोपांचा निवाडा त्या त्या हंगामात जे नियम होते, त्यांनुसारच होईल.