मुंगीला मुकादम नसतो

श्रोतेहो, नमस्कार. आणि माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना सलाम.

बायबलच्या जुन्या करारात स्तोत्रसंहिता संपली की लगेच नीतिसूत्रे हे पुस्तक लागतं. अध्याय 31. बरीचशी सूत्रं शलमोन राजाच्या नावावर आहेत, आणि त्याने तीन हजार बोधवचनं सांगितली असं राजांच्या पहिल्या पुस्तकात म्हटलं आहे. पण सगळं पुस्तक त्याचं एकट्याचं नाही. पंचविसाव्या अध्यायापासूनची सूत्रं हिज्कीया राजाच्या माणसांनी मागाहून उतरवून घेतली. तिसावा अध्याय आगूर नावाच्या माणसाचा. शेवटचा एका राजमातेच्या तोंडचा, त्याच्याकडे येतोच.

आपल्या घराघरांत या पुस्तकातली वचनं कॅलेंडरवर असतात, फ्रेम करून भिंतीवर असतात, लग्नपत्रिकेवर असतात. ‘परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा प्रारंभ होय’ हे तर रविवारच्या शब्बाथ शाळेतल्या लहान पोरालाही पाठ असतं. माझी तक्रार पाठांतराबद्दल नाही. तक्रार अशी, की एखादं सूत्र आठवलं की ते ज्याला ऐकवायचं त्या माणसाचा चेहराही आपल्याला त्याच क्षणी आठवतो. आळसाचं वचन मुलासाठी, जिभेचं वचन जावेसाठी, दारूचं शेजाऱ्यासाठी. स्वतःसाठी काय ठेवलं, तर ‘परमेश्वरावर भाव ठेव’. ते ऐकायलाही गोड लागतं.

मुंगीचंच घ्या. ‘अरे आळशा, मुंगीकडे जा.’ सहावा अध्याय. हे वचन मी साहेबलोकांच्या तोंडून फार ऐकलंय. हाताखालच्या माणसाला सुनावण्यासाठी. आता पुढची ओळ वाचा. त्या मुंगीवर ना कोणी नायक आहे, ना देखरेख करणारा, ना धनी. तरी ती उन्हाळ्यात आपलं अन्न साठवते. म्हणजे ज्या मुंगीचा दाखला मुकादम देतोय, तिला मुकादमच नाही! ते वचन ज्याच्यावर कोणाची नजर नाही त्याला उद्देशून आहे. वरिष्ठ रजेवर असताना आपण किती वाजता टेबलावर येतो, हे ज्याचं त्याला माहीत.

दुसरं उदाहरण जरा दुखरं आहे. बाविसाव्या अध्यायात म्हटलंय की मुलाला योग्य ते वळण लावा, म्हणजे म्हातारपणीही ते ते सोडणार नाही. तरणाताठा मुलगा व्यसनात गेलाय, अशी एक आई मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मागच्या बाकावर बसलेली असते. उपासना सुटल्यावर कोणीतरी तिला हेच वचन ऐकवतं. अगदी प्रेमाने, खांद्यावर हात ठेवून. तिला त्यातून एवढंच ऐकू येतं की वळण लावण्यात तूच कमी पडलीस. ऐकवणाऱ्याने शलमोनाच्याच घरात जरा डोकावून बघावं. एवढ्या शहाण्या राजाचा मुलगा रहबाम. गादीवर आला, वडीलधाऱ्या मंत्र्यांचा सल्ला झिडकारला, बरोबरीच्या पोरांचं ऐकलं आणि राज्याचे दोन तुकडे करून बसला. ही सूत्रं म्हणजे जग साधारण कसं चालतं त्याची पारख आहे. स्टँप पेपरवरचं हमीपत्र कोणी लिहून दिलेलं नाही. आणि हे पुस्तकालाही ठाऊक आहे. सव्विसाव्या अध्यायात ते स्वतःच बजावतं की मूर्खाच्या तोंडी बोधवचन म्हणजे दारुड्याच्या हातातला काटा. तो त्यालाही बोचतो, शेजारच्यालाही.

म्हणून मी एक साधा नेम सुचवतो. सूत्र वाचलं की विचारायचं, या ओळीत मी कुठे उभा आहे? विकणारा की घेणारा? देणारा की वाट बघणारा?

पुण्याच्या महात्मा फुले मंडईच्या बाहेर संध्याकाळी रस्त्याकडेला पोतं अंथरून बसलेल्या एखाद्या मावशीपाशी दोन मिनिटं थांबा. मेथीची जुडी उचलून गिऱ्हाईक म्हणतं, “काय हो मावशी, पार सुकलीय. वीसला कसली, दहाला द्या.” मावशी जुडीवर पाणी शिंपडते. “ताई, सकाळपासून उन्हात बसलेय.” दोन पावलं पुढे जायचं नाटक होतं, परत हाक येते, जुडी दहाला पिशवीत पडते. घरी आल्यावर तीच मेथी ओट्यावर ठेवत, “बघा तरी, किती कोवळी आहे! दहाला मिळाली.”

हा सगळा प्रसंग नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात, चौदाव्या ओळीत आहे. विकत घेणारा म्हणतो, ‘वाईट आहे, वाईट आहे’, आणि निघून गेल्यावर फुशारकी मारतो. बस्स, एवढंच. त्या ओळीत पाप हा शब्द नाही, शिक्षा नाही, उपदेश नाही. नुसतं पकडलंय आपल्याला. मला ती फार आवडते. भाजीवाल्याचा काटा बघताना खोट्या वजनांची परमेश्वराला शिसारी आहे हे वचन आपल्याला लगेच आठवतं. ते विकणाऱ्याला लागू. हे घेणाऱ्याला लागू, म्हणून कॅलेंडरवर येत नाही.

आता देण्याघेण्याचं. तिसऱ्या अध्यायातलं वचन आहे, तुझ्याजवळ असताना शेजाऱ्याला ‘जा, उद्या ये, मग देईन’ असं म्हणू नको. घराला रंग काढलाय. शनिवारी संध्याकाळी काम उरकलं. पेंटर ब्रश धुऊन, बनियनला हात पुसत दारात उभा आहे. “साहेब, हिशोब.” साहेब म्हणतात, “सोमवारी या. एकदा दिवसाउजेडी सगळं नीट बघून घेतो.” पैसे खात्यात आहेत, मोबाइल हातात आहे. पूर्वी ‘सुट्टे नाहीत’ म्हणायची तरी सोय होती, आता पेंटरच्या खिशातच क्यूआर कोडचं कार्ड असतं. त्याच्याबरोबर मजूर अड्ड्यावरून आणलेली दोन पोरं खाली जिन्यापाशी थांबलीत. त्यांची मजुरी तो कशातून देणार? आणि रविवारी हेच साहेब अर्पणाच्या थैलीत पाकीट टाकणार.

मोशेच्या नियमशास्त्रात हे आणखी रोखठोक सांगितलंय. अनुवाद नावाचं पुस्तक, अध्याय 24. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात गुंतलेला आहे. नव्या करारात याकोब म्हणतो की अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते, आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. ‘सोमवारी या’ म्हणताना हे साहेबांच्या डोक्यातही येत नाही. ते दुष्ट नसतात. त्यांच्यासाठी सोमवार फक्त परवा असतो. मंडळ्यांनीही हे जरा स्वतःला लावून बघावं. देवळाच्या शिपायाचा पगार ‘कमिटी बसली की बघू’ म्हणून लांबतो, हे मी काही ऐकीव सांगत नाही.

यापेक्षा अवघड विषय जामिनाचा. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नका, असं हे पुस्तक एकदा सोडून चारपाचदा सांगतं. सहाव्या अध्यायात तर घाई आहे. अडकला असशील तर डोळ्याला डोळा लागू देऊ नको, जा, शेजाऱ्याची विनवणी कर, पारध्याच्या हातून हरीण निसटतं तसा निसट. बाविसाव्या अध्यायात म्हटलंय, फेडायला तुझ्याजवळ काही नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूणही का काढून न्यावं?

आपल्याकडे हे कसं होतं? मावसभावाला टेम्पो घ्यायचाय. पतसंस्थेचा फॉर्म घेऊन तो घरी येतो, चहा होतो, जुन्या गोष्टी निघतात. मग, “नुसती सही पाहिजे रे. फॉर्मॅलिटी आहे.” भारतीय करार कायदा 1872 सालचा, त्याचं कलम 128 सांगतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. म्हणजे कर्ज देणाऱ्याने आधी मावसभावाच्या मागे लागून दमायलाच हवं असं नाही. हप्ते थकले की नोटीस तुमच्याही दारात. शलमोनाचं अंथरूण ते हेच.

मग ख्रिस्ती माणसाने काय करायचं? ‘वचनात नाही म्हटलंय’ असं सांगून भावाला चहावरून उठवायचं? इथे मी बरेच दिवस अडलो होतो, कारण इब्री लोकांस पत्रात सातव्या अध्यायात लिहिलंय की येशू अधिक चांगल्या कराराचा जामीन झाला. जुनं पुस्तक जे करू नको म्हणतं, नेमकं तेच प्रभूने केलं! आणि त्याने सांगितलेल्या दाखल्यातला चांगला शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला परका माणूस, तोसुद्धा उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देऊन म्हणतो, याहून जास्त खर्च झाला तर परत आल्यावर मी देईन. अनोळखी जखमी माणसाच्या बिलाला जामीन राहिला की तो.

पण दोघांचंही बघा. शोमरोन्याने काही पैसे आधी रोख मोजले, मग शब्द दिला. प्रभूने तर फेडावं लागणार हे ठाऊक असूनच खांदा दिला. त्यांच्यापैकी कोणीही ‘नुसती सही’ केली नव्हती. नीतिसूत्रांचा रोख त्या भिडस्त माणसावर आहे, ज्याच्याजवळ फेडायला काही नाही आणि नकार द्यायचं धैर्यही नाही. म्हणून माझं मत असं. सही करताना ती रक्कम आपल्यालाच भरायची आहे असं समजून घरात बायकोशी, नवऱ्याशी बोलावं. झेपणार असेल तर खुशाल करावी. नसेल तर खिशातून जमेल तेवढे, परत न मागायच्या बोलीवर द्यावेत. भाऊ थोडा रुसेल. पुढे कोर्टात तोंडं फिरवून बसण्यापेक्षा ते परवडलं.

भांडणाबद्दल सतराव्या अध्यायात म्हटलंय की कलहाचा आरंभ म्हणजे पाण्याला वाट मोकळी करून देणं; तेव्हा पेटण्याआधीच सोडून दे. पुणेकरांना यावर प्रवचन लागत नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्याच्या आदल्या रात्री जवान भिंतीवर वाळूची पोती रचत होते. पाणी एकदा सरकलं की पोती कितीही रचा. सोसायटीच्या पार्किंगवरून पहिला शब्द जातो, तेव्हाच काय ते हातात असतं.

सत्ताविसाव्या अध्यायातली एक गंमत राहूनच जात होती. मोठ्या पहाटे उठून जो मोठ्याने शेजाऱ्याला आशीर्वाद देतो, त्याचा तो आशीर्वाद शाप गणला जाईल. पहाटे पाचला मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुलाबाच्या फुलासकट वचन पाठवणाऱ्यांनी हे कृपया वाचावं. मी दोनदा पाठवून पाहिलं, उत्तरादाखल पुन्हा गुलाबच आले.

आणि आता ती राजमाता. एकतिसाव्या अध्यायाचा उत्तरार्ध, सद्गुणी स्त्रीचा, आपण मदर्स डेला वाचतो, बाईच्या दफनविधीला वाचतो. त्यातली स्त्री नुसती रांधत-शिवत नाही; ती शेत बघते, पसंत करते, विकत घेते. हे वाचताना पुरुषमंडळी जरा भरभर पुढे जातात. पण त्याच्याही आधी, आठव्या-नवव्या ओळीत, लमुएल राजाची आई त्याला सांगते की ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड, दीनदुबळ्यांचा न्याय कर. त्या ओळी मदर्स डेला कोणी वाचत नाही. मला त्या वाचताना इथून जवळचं केडगाव आठवतं. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुली, विधवा घेऊन आल्या. पुढे याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बायांना कळावं म्हणून. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. अगदी शेवटपर्यंत त्या याच कामात होत्या.

अध्याय 31, महिन्याचे दिवसही तितकेच. म्हणून पुष्कळ घरांत तारखेचा अध्याय वाचायची पद्धत आहे, तुम्हीही करून बघा. आज जी तारीख असेल तो अध्याय, दहा मिनिटांत होतो. फक्त एक लक्षात ठेवा. वर्षातल्या पाच महिन्यांना 31 तारीख नसते. त्या महिन्यांत शेवटच्या दिवशी राहिलेले अध्याय एकदम वाचून टाका, नाहीतर लमुएलच्या आईचं बोलणं नेमकं राहून जाईल. नमस्कार.