पोथ्यांच्या कपाटातला ‘प्रेषित’

(परभणीतल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘विज्ञानकथा: पडद्यावरची आणि पानावरची’. त्याच्याकडं येतोच. आधी कपाटाची गोष्ट सांगू द्या, त्याशिवाय माझी गाडी पुढं सरकत नाही.

शाळेत असताना तालुक्याच्या वाचनालयात मी नारळीकरांचं ‘प्रेषित’ मागितलं. विज्ञानात नाही, कादंबऱ्यांत नाही. ग्रंथपाल म्हणाले, “तिकडं पोथ्याच्या कपाटात बघ की.” बघितलं, तर भागवत आणि गुरुचरित्राच्या मधी ‘प्रेषित’! शेजारी ‘यक्षांची देणगी’, त्याला टेकून ‘वामन परत न आला’. त्यांचं तरी काय चुकलं? नावं वाचा आणि तुम्हीच सांगा. (हशा) कसर लागू नये म्हणून पानापानात कडुलिंबाचा पाला घातलेला.

खरी गंमत कार्डावर होती. माझ्याआधी ते पुस्तक एकाच माणसानं नेलेलं, आमच्या गावच्या कीर्तनकार बुवांनी. तेही दोनदा. पहिल्यांदा चुकून नेलं असंल. दुसऱ्यांदा कामून?

त्याच्या आधी एक-दोन वर्षं दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानाची अमेरिकन मालिका लागायची. गल्लीत टीव्ही एक, माळवदावर अँटेना, आणि अँटेना फिरवायला मी. “आलं का?” “मुंग्याच हायेत!” एका रविवारी चित्र कधी नव्हे ते स्वच्छ आलं म्हणून मी पळत खाली आलो. कप्तान यंत्रात उभा, अंग चमचम करत विरघळायला लागलेलं, आणि लाईट गेली. पुढच्या रविवारी गोष्टच दुसरी. तो माणूस माझ्या डोक्यात कितीतरी वर्षं अर्धाच उभा होता.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मुद्दा.

ते विरघळणं विज्ञानातून आलेलंच नव्हतं. १९६६ साली ‘स्टार ट्रेक’ करताना दर भागात यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं, म्हणून माणसंच यंत्रात विरघळवून थेट खाली पाठवली. काटकसरीतून निघालेली कल्पना. आपल्याकडं तिचं कौतुक व्हायला पाहिजे. कादंबरीला हा खर्च नाही. अमेरिकन लेखक आसिमोव्हच्या ‘फाउंडेशन’ कादंबऱ्यांत आकाशगंगेचं साम्राज्य कोसळल्यावर येणारी ३० हजार वर्षांची अंदाधुंदी एक हजारावर आणायचा बेत आहे. पान उलटलं की दशकं जातात, माणसं मरतात, नवी येतात. मालिकेला हे जमत नाही, बघणाऱ्याला ओळखीचा चेहरा लागतो. म्हणून ‘फाउंडेशन’च्या २०२१ च्या मालिकेत सम्राटाच्या क्लोनांची, म्हणजे त्याच्याच हुबेहूब प्रतींची, गादी चालवली: शतकं गेली तरी नट तोच. पुस्तकात हे नाहीच. मी पुस्तकाच्या बाजूचा माणूस, तरी सांगतो, त्या मालिकेतली सगळ्यात झकास कल्पना तीच. अजून तीन मुद्दे होते, राहू द्या.

अध्यक्ष उभेच राहिलेत. बुवांचं तेवढं सांगतो. मोठा झाल्यावर मी त्यांना विचारलंच. म्हणाले, “पहिल्यांदा देव हुडकत वाचलं, सापडला न्हाई. दुसऱ्यांदा मग नुसतंच वाचलं.”