शिरेतून जेवण, घरच्या घरी

श्रोतेहो, नमस्कार.

अशक्तपणा आला की आपण दवाखान्यात जाऊन म्हणतो, "डॉक्टर, एक सलाईन लावा, ताकद येईल." पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते 25 ग्रॅम. म्हणजे एखाद्या चपातीएवढे उष्मांक. आज ज्या पिशवीबद्दल बोलायचं आहे, तिच्यात मात्र खरंखुरं अन्न असतं: अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे घटक, ग्लुकोज, स्निग्ध पदार्थ, क्षार, जीवनसत्त्वं. आतडं निकामी झालेली माणसं तिच्यावर वर्षानुवर्षं जगतात, आणि तीही आपल्या घरात.

लहान आतडं साधारण 6 मीटर लांब असतं. रक्तवाहिनीत गुठळी झाली किंवा आतड्याला पीळ पडला, तर मेलेला भाग कापून काढावा लागतो. मागे दोन मीटरपेक्षा कमी उरलं की खाल्लेलं अंगी लागणं कठीण होतं. अशा घरात एक गोष्ट हमखास घडते. रुग्णाला तहान लागते, म्हणून घरचे त्याला तांब्या-तांब्याने साधं पाणी देतात. पण आतडं फार आखूड असेल आणि पोटावर स्टोमा, म्हणजे आतड्याचं तोंड बाहेर काढलेलं छिद्र, असेल, तर ते पाणी शरीरातलं मीठ ओढून घेऊन बाहेर पडतं आणि रुग्ण आणखी सुकतो. त्याला साधं पाणी मोजून, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं मीठ-साखरेचं द्रावण घोटाघोटाने द्यायचं असतं. हे घरच्यांना डिस्चार्जच्या आधी कुणीतरी बसून समजावायला हवं.

शिरेतून पूर्ण अन्न देता येतं, हे 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात सर्जन स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, आधी कुत्र्याच्या पिल्लांवर, मग एका तान्ह्या बाळावर. इतकं दाट द्रावण हाताच्या बारीक शिरेला सोसत नाही. म्हणून नळीचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत ठेवतात. तिथे रक्ताचा ओघ मोठा, द्रावण लगेच पातळ होतं. 1970 च्या सुमारास कॅनडातल्या टोरांटोत डॉ. खुर्शीद जीजीभॉय यांच्या देखरेखीखाली एक महिला या आहारावर घरी गेली. ती पुढे वीस वर्षांहून अधिक जगली.

नळी थेट रक्तात जाते, म्हणून सगळी मदार स्वच्छतेवर. पिशवी फ्रिजमधली असेल तर आधीच बाहेर काढून ठेवायची. पंखा बंद, मोबाईल लांब, टेबल पुसलेलं. शिकवल्याप्रमाणे हात धुऊन मगच टोपण उघडायचं. पंपावर रात्रभर, दहा-बारा तास, पिशवी चालते. सकाळी नळी बंद केली की दिवस मोकळा, शाळेला, कामाला. या नळीतून दुसरं इंजेक्शन द्यायचं नाही, आणि रक्त काढायचं ते फक्त उपचार करणाऱ्या टीमने सांगितलं तरच. कुणी घाईत असलं तरी स्पष्ट नाही म्हणा.

पिशवी चालू असताना थंडी वाजून ताप आला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. पिशवी थांबवा, टीमला फोन करा, त्याच रात्री रुग्णालयात जा आणि दारातच सांगा की छातीच्या शिरेत नळी आहे. जंतू रक्तात पसरायला फार वेळ लागत नाही.

इंग्लंडमध्ये पिशव्या सरकारी आरोग्यसेवेतून घरपोच येतात. आपल्याकडे हा खर्च बहुतेक कुटुंबं स्वतःच्या खिशातून करतात. डायलिसिससाठी सरकारी योजना आहेत. जगण्यासाठी तितक्याच आवश्यक असलेल्या या आहाराचाही त्यांत समावेश व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

आता नेहमी विचारला जाणारा प्रश्न: तोंडाने खायचं की नाही? डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर जरूर खायचं. आतड्यात अन्न गेलं की उरलेलं आतडं हळूहळू जास्त काम शिकतं, यकृतालाही फायदा होतो. काहींच्या दर आठवड्याच्या पिशव्या त्यामुळे कमी होतात, काहींच्या वर्ष-दोन वर्षांत पूर्ण सुटतात. तेव्हा त्यांचं ताट वेगळ्या खोलीत नेऊ नका, पंगतीतच वाढा.

नमस्कार.