कोन शंख जाड बाजूने धरला तर चालतो का?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न दहा जणांनी विचारलाय : "ताई, तो विषारी शंख जाड बाजूने धरला की चालतो ना?" नाही चालत. आता नीट सांगते.

आधी ओळख, पटकन. नाव कोनस जिओग्राफस, ही समुद्रातली गोगलगाय. कवचावर नकाशासारखी नक्षी. लांबी साधारण 10 ते 15 सेंटिमीटर. हिंदी महासागरापासून प्रशांत महासागरापर्यंत प्रवाळांत राहतो, आपल्या लक्षद्वीप-अंदमानलाही. रात्री मासे खातो. झालं.

एवढी संथ गोगलगाय मासा पकडते कशी? तोंड जाळ्यासारखं पसरते आणि इन्सुलिनसुद्धा वापरते. हो, तेच, डायबेटिसवालं! माशाच्या रक्तातली साखर उतरते, तो सुस्तावतो आणि अलगद आत जातो. हे 2015 मध्ये युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं. मग आत पोकळ दात खुपसून विष सोडायचं. दात एकदाच वापरायचा, मागे पिशवीत पुढचे तयार. आई हे ऐकून म्हणाली, "म्हणजे डिस्पोजेबल सुई." मी अर्धं स्क्रिप्ट खोडलं.

आता हा रिकामा शंख बघा. ही चीर दिसतेय? पार वरपासून खालपर्यंत. दात खुपसणारी सोंड निमुळत्या टोकाकडून निघते, मान्य. पण ती लांबते, मागे वळते. ही पेन्सिल म्हणजे सोंड समजा... आली ना बोटापर्यंत? जाड बाजू, बारीक बाजू, सगळं तिच्या टप्प्यात.

"हातमोजे घालून?" अहो, दात मोज्यातून आरपार जातो.

"रिकामाच वाटला म्हणून उचलला." प्राणी आत आकसून बसला की सगळेच शंख रिकामे वाटतात! लक्षद्वीपला ओहोटीच्या वेळी मीही असाच हात घातला होता. सोबतच्या नावाड्याने मनगटावर अशी चापट मारली की बस. 1935 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हेमन बेटावर एका तरुणाने शंख तळहातावर धरून सुरीने खरवडायला घेतला. काही तासांत तो गेला.

काही तासांत, बरं का! "डंख झाला की एक सिगारेट ओढेपर्यंत खेळ खलास" असं लिहिणाऱ्यांनो, कृपा करा. अशाने माणूस हातपाय गाळून बसेल. उतारा नाही हे खरं, पण श्वासाचे स्नायू लुळे पडले तरी विष ओसरेपर्यंत कृत्रिम श्वास दिला तर माणूस वाचू शकतो. कधीकधी डंख दुखतही नाही, म्हणून वाट बघायची नाही, थेट दवाखाना.

एकाने विचारलंय, "याचा उपयोग काय?" याचाच भाऊबंद कोनस मेगस. त्याच्या विषातल्या एका घटकावरून झायकोनोटाइड हे वेदनाशामक बनलं. अमेरिकेत 2004 मध्ये मान्यता मिळाली, थेट मणक्यातल्या द्रवात देतात.

आणि "हा तोच शंख का?" म्हणून फोटो पाठवणारे दादा, फोटोत तो तुमच्या तळहातावर आहे. आधी खाली ठेवा, मग विचारा.