रस्ता आधी सातबाऱ्यावर होतो

मंडळी, मला विषय दिलाय ‘राज्यातले मोठे रस्ते : किती झाले, किती उरले’. किती झाले ते सरकारी जाहिरातीत असतंच. किती उरले ते आपण कोकणातली माणसं गणपतीला येता-जाता कमरेच्या मणक्यांवर मोजतो. म्हणून मी दोनच रस्ते घेतो.

पहिला समृद्धी. नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे, ७०१ किलोमीटर. २०१५ साली घोषणा झाली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला, जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे. दहा वर्षं. दुसरा आपला मुंबई-गोवा. त्यातल्या पनवेल-इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून किती गणपती आले नि गेले, हिशेब तुम्हीच करा.

कोकणात डोंगर आहे, पाऊस आहे, दरड आहे, असं उत्तर मिळतं. आहेच की. पण कसाऱ्याच्या डोंगरातून समृद्धीचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा गेलाच ना? आणि सावित्रीचा पूल आठवा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा जुना दगडी पूल वाहून गेला, दोन एसट्या माणसांसकट गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. त्याच नदीवर, त्याच कोकणात.

मग अडतं कुठे? माझं मत विचाराल तर तलाठ्याच्या दप्तरात. पुलाला मूठभर जागा लागते, रस्त्याला गावंच्या गावं. समृद्धीसाठी सरकारने बहुतेक जमीन थेट खरेदीने घेतली. दर चढा दिला, खरेदीखत झालं की पैसे खात्यात. तिथेही सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नका; सिन्नर तालुक्यातल्या शिवडे गावाने मोजणीच होऊ दिली नव्हती. पण पैसे हातात पडलेला शेतकरी दिसला की शेजारच्या गावातली चर्चा बदलते.

आपल्याकडे एका गुंठ्याच्या सातबाऱ्यावर पंधरा नावं. त्यातली चार वारलेली, सहा मुंबईला, एक भाऊबंदकीमुळे सही न करणारा, वर कुळाची नोंद. मोबदला नेमका कुणाला द्यायचा? (हसू नका, तुमच्याही घरी हेच आहे.) त्यातच पनवेल-इंदापूर केंद्राच्या प्राधिकरणाकडे, पुढचा रस्ता राज्याच्या बांधकाम खात्याकडे. वाटेत कर्नाळ्याचं अभयारण्य, म्हणजे वनखात्याची परवानगी आली. जमीन ताब्यात नसताना ठेकेदाराला कामाचा आदेश दिला की त्याची यंत्रं उभी राहतात, बँकेचं व्याज मात्र चालू असतं. मग तो पळतो, पुन्हा निविदा निघते.

समृद्धी झाला म्हणजे सगळं भागलं असंही नाही. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटली आणि २५ जणांचा जीव गेला. सरळ, रिकामा रस्ता चालकाला झोप आणतो, हे पहिल्या वर्षातच कळलं. आराखडा करताना डांबर-काँक्रीटचा विचार होतो, रात्रभर गाडी हाकणाऱ्या माणसाचा नंतर.

आता शक्तिपीठ महामार्ग येऊ घातलाय. वर्ध्याजवळचं पवनार ते गोव्याच्या वेशीवरची पत्रादेवी, सुमारे ८०० किलोमीटर. नकाशावर रेघ सुंदर दिसते. कोल्हापूरच्या शेतकऱ्यांचा विरोध आहे, आणि तिथली जमीन उसाची, बागायती. परवा एकाने मला विचारलं, हा रस्ता कधी होईल? म्हटलं, मंत्र्यांनी दिलेली तारीख मी वहीत लिहीत नाही. त्या उसाला एकरी भाव काय ठरला ते कळव, मग सांगतो.